गाजलेल्या फोटोंमधल्या माणसांचं पुढे काय झालं?

कॅमेराबंद

मोठ्या फोटोग्राफर लोकांवर लिहिणारे खूप आहेत, मला जरा उलट्या बाजूने विचारायचंय. फोटो कुणी काढला हे आपल्याला पाठ असतं, बक्षीस कुठलं मिळालं तेही माहिती असतं, पण फोटोत जो माणूस दिसतो त्याचं नाव विचारलं की गाडी अडते. त्याचं पुढे काय झालं, त्याला स्वतःला तो फोटो आवडला का, त्यातून त्याला काही मिळालं का? माहिती असेल ते टाका, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरचं ढकललेलं नको.

सुरुवात मी करतो. डोरोथिया लँजचा तो स्थलांतरित आईचा फोटो. गालाजवळ हात नेऊन कुठेतरी लांब बघणारी बाई, दोन मुलं तिच्या खांद्यांआड तोंड लपवून पाठमोरी, मांडीवर तान्हं. मार्च १९३६, कॅलिफोर्नियात निपोमोजवळ वाटाणे तोडणाऱ्या मजुरांचा तळ, थंडी-पावसाने पीक गेलेलं. लँज तेव्हा सरकारी खात्यासाठी काम करायची, दौरा संपवून घरी चालली होती, तळाची पाटी बघून पुढे निघून गेली आणि वीस मैल गेल्यावर गाडी वळवून परत आली. दहा मिनिटांत मोजके फोटो काढले आणि निघाली. वय विचारलं, ३२. नाव विचारलं नाही, हे तिने स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. फोटो छापून आल्यावर सरकारने त्या तळावर २०,००० पौंड अन्न पाठवलं, तोवर ही बाई आणि तिची मुलं तिथून निघूनही गेलेली!

बाईचं नाव जगाला कळलं १९७८ मध्ये. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, चेरोकी वंशाची. तिचं म्हणणं असं की मला यातून एक पैसा मिळाला नाही, हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. लँजच्या टिपणात आहे की या लोकांनी गाडीचे टायर विकून अन्न घेतलं होतं. त्यावर तिचा मुलगा म्हणाला, विकायला टायर होते कुठे, होते तेवढे गाडीलाच होते आणि त्याच गाडीने आम्ही गेलो. म्हणजे बघा, जगातल्या सगळ्यात जास्त छापल्या गेलेल्या फोटोंपैकी एक आणि त्याच्याखालची माहिती घरच्यांना मान्य नाही.

शेवंता_लिहिते

वाचतेय. छान विषय.

तो टायरचा भाग माहिती नव्हता. पण १९८३ मध्ये ती आजारी पडली तेव्हा मुलांनी लोकांना मदतीसाठी आवाहन केलं होतं आणि ३५,००० डॉलरच्या वर पैसे जमले होते ना? पत्रंही ढिगाने आली होती. त्यानंतर तिच्या मुलांचं त्या फोटोबद्दलचं मत बदललं म्हणतात, आधी त्यांना त्या फोटोची लाज वाटायची.

जुनी_रीळ

@कॅमेराबंद, लँजची बाजूही सांगा की. ती पगारी नोकर होती, फोटो सरकारचा, म्हणजे कुणीही कुठेही छापायला मोकळा. तिलाही त्या फोटोवर मानधन मिळालेलं नाही. नाव मात्र झालं हे खरं.

अवांतर: मूळ निगेटिव्हमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात तंबूची काठी धरलेला एक अंगठा दिसत होता. लँजला तो खुपायचा, म्हणून नंतर निगेटिव्हवर काम करून पुसट करून घेतला. आता तो फोटो परत बघा, त्या अंगठ्याचं भूत अजून दिसतं तिथे.

आता माझा किस्सा. नॅशनल जिऑग्राफिकच्या जून १९८५ च्या कव्हरवरची हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी. स्टीव्ह मकरीने १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत काढला, तिथल्या शाळेच्या तंबूत. नाव विचारलं नाही इथेही. लोकांनी त्या नजरेवर काय काय लिहिलं, भीती काय, युद्धाची वेदना काय, कविता पडल्या अक्षरशः. २००२ मध्ये मकरी आणि त्याची टीम तिला शोधत गेली, डोळ्यांच्या बुबुळांची जुन्या फोटोशी तुलना करून खात्री केली की हीच ती. शरबत गुला. तिने तोवर तो फोटो बघितलेलाही नव्हता. सतरा वर्षं सगळं जग बघतंय आणि जिचा फोटो तिने नाही बघितला. आणि त्या दिवशीचं तिला काय आठवत होतं, तर राग. अनोळखी पुरुष समोर येऊन फोटो काढतोय याचा राग आला होता. झालं, सगळ्या कविता पाण्यात.

पुढे २०१६ मध्ये पाकिस्तानात बनावट ओळखपत्राच्या केसमध्ये तिला अटक झाली आणि अफगाणिस्तानात परत पाठवलं. तेव्हा तिने सांगितलं होतं की त्या फोटोने फायद्यापेक्षा त्रासच जास्त दिला. २०२१ मध्ये तालिबान परत आल्यावर इटलीने तिला आसरा दिला. तो त्या फोटोमुळेच मिळाला हेही तितकंच खरं.

तिरपी_चौकट

मी बातम्यांचे फोटो काढून पोट भरणाऱ्यांपैकी आहे म्हणून बोलतो. नाव विचारलं नाही, नाव विचारलं नाही असं दोघंही म्हणताय, ते छावणीत आणि तळावर ठीक आहे, तिथे वेळ होता, तिथे विचारायलाच पाहिजे होतं. पण पळापळ चाललेली असते तेव्हा समोरच्याला थांबवून स्पेलिंग विचारता येत नाही हो. एक हात कॅमेऱ्यावर, अर्धं लक्ष आपल्याला कुठून काय येऊन लागतंय याच्यावर, आणि तिकडे डेस्कवरून फोन की फोटो पाठवला का. मग कॅप्शनमध्ये "एक महिला", "एक युवक" असं जातं आणि तेच कायमचं राहतं.

आणि नाव कळलं म्हणजे न्याय झाला असंही नाही. एडी अ‍ॅडम्सचा सायगावचा फोटो घ्या, १ फेब्रुवारी १९६८. दक्षिण व्हिएतनामचा जनरल न्युएन न्गोक लोन भर रस्त्यात एका माणसाच्या डोक्यात गोळी घालतोय. जनरलचं नाव पहिल्या दिवसापासून जगाला माहिती. तो नंतर अमेरिकेत गेला, व्हर्जिनियात पिझ्झाचं हॉटेल चालवायचा, लोकांना ओळख लागली आणि धंदा बसला. अ‍ॅडम्सला पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळालं पण त्याला त्या फोटोचं कधीच सुख लागलं नाही, १९९८ मध्ये लोन वारल्यावर त्याने लिहिलं की जनरलने त्या माणसाला मारलं आणि मी माझ्या कॅमेऱ्याने जनरलला मारलं. एका सेकंदाच्या तुकड्यात त्याच्या आधीचं काहीच येत नाही, हे त्याचं दुखणं होतं.

शेवंता_लिहिते

हे मला दर वेळी खटकतं. या फोटोवर कुणीही बोललं की दहाव्या मिनिटाला जनरलबद्दल हळहळ सुरू होते. गोळी खाणाऱ्याचे हात मागे बांधलेले होते. न्युएन व्हान लेम त्याचं नाव, व्हिएतकाँगचा, म्हणजे सरकारविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्ट बंडखोरांचा माणूस. त्याने आधी कुणाकुणाला मारलं यावर वाद आहेत, पण खटला नाही काही नाही, रस्त्यात गोळी. जनरलचं हॉटेल बंद पडलं याची आठवण सगळ्यांना, याचं नाव किती जणांना माहितीये? तुम्हीही वर "एका माणसाच्या" असंच लिहिलंय बघा.

तिरपी_चौकट

मान्य. तिथे नाव लिहायला हवं होतं.

पॉपकॉर्नवाला

तो आफ्रिकेतला फोटो राहिलाच की, गिधाड आणि मरायला टेकलेली मुलगी. फोटोग्राफर फोटो काढत बसला, मुलीला गिधाडाने खाल्लं आणि मग पश्चात्तापाने त्याने आत्महत्या केली. माणुसकी कुठे गेली असा प्रश्न पडतो.

जुनी_रीळ

@पॉपकॉर्नवाला, पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय ढकललेलं नको म्हणून, आणि तुम्ही नेमकं तेच आणलंत. :)

एकेक घेऊ. केविन कार्टर, दक्षिण आफ्रिकेचा. मार्च १९९३, सुदानमधलं आयोड गाव. ती मुलगी नाही, मुलगा होता. फोटो न्यूयॉर्क टाइम्समध्ये आला तेव्हा मुलगी असंच छापलं गेलं आणि तेच पसरलं. फोटोत उजव्या मनगटाला एक पट्टी दिसते, मोठी करून बघा, ती संयुक्त राष्ट्रांच्या अन्नकेंद्राची आहे. म्हणजे मुलाची नोंद झालेली होती, केंद्र जवळच होतं. कार्टरने फोटो काढून झाल्यावर गिधाड हाकललं. २०११ मध्ये एल मुंडो या स्पॅनिश दैनिकाचा पत्रकार त्या गावात जाऊन आला, तिथे त्याला मुलाचा बाप भेटला. मुलाचं नाव काँग न्याँग. त्या दुष्काळातून तो वाचला होता आणि २००७ च्या सुमारास तापाने वारला. गिधाडाने वगैरे काही नाही.

आत्महत्येचं म्हणाल तर ती जुलै १९९४ मधली. एप्रिलमध्ये पुलित्झर जाहीर झालं, त्याच महिन्यात, १८ तारखेला, त्याचा जवळचा मित्र केन ऊस्टरब्रूक जोहान्सबर्गजवळच्या थोकोझामध्ये गोळीबारात मारला गेला. ते चौघे होते, कार्टर, ऊस्टरब्रूक, ग्रेग मारिनोव्हिच, जुआव सिल्व्हा. चौघेही वस्त्यांमधला हिंसाचार रोज शूट करणारे. मारिनोव्हिचलाही त्याच दिवशी गोळ्या लागल्या. कार्टरच्या चिठ्ठीत पैशाच्या अडचणी आहेत, डोळ्यांपुढून न जाणारे मृतदेह आहेत, केनचं नाव आहे. हे सगळं बाजूला ठेवून एका गिधाडावर गोष्ट आणून ठेवायची म्हणजे त्या मुलावरही अन्याय आणि त्या माणसावरही.

पॉपकॉर्नवाला

बरं बाबा. मुलगा वाचला हे खरंच माहिती नव्हतं, आमच्या ग्रुपवर टाकतो आता.

काळीपांढरी

किम फुकबद्दल लिहायचंय. ८ जून १९७२, व्हिएतनाममधलं त्रांग बांग, नापामच्या आगलाव्या बाँबने भाजलेली नऊ वर्षांची मुलगी कपडे नसलेली रस्त्यावरून धावत येतेय. तिला फोटोग्राफर निक उटने स्वतः गाडीत घालून दवाखान्यात नेलं हे बहुतेकांना माहिती असतं. त्यानंतरचं कमी माहिती असतं. वर्षाहून जास्त काळ दवाखान्यात, सतरा ऑपरेशनं. मोठी झाल्यावर तिला डॉक्टर व्हायचं होतं तर सरकारने तिला कॉलेजातून उचलून परदेशी पत्रकारांपुढे उभं करायला सुरुवात केली, युद्धाचं प्रतीक म्हणून. एका मुलाखतीत ती म्हणाली होती की लहानपणी त्या फोटोचा तिरस्कार वाटायचा, माझे भाऊ कपड्यांत आहेत आणि मी एकटीच उघडी. १९९२ मध्ये लग्नानंतर नवऱ्याबरोबर मॉस्कोहून क्यूबाला परत येताना विमान इंधन भरायला कॅनडात उतरलं, दोघं तिथेच उतरले आणि आश्रय मागितला. फोटोपासून पळायला बघत होती, आणि शेवटी तिने ठरवलं की हा पिच्छा सोडणारच नसेल तर आपणच वापरू, आणि युद्धात सापडलेल्या मुलांसाठी काम सुरू केलं. या धाग्यावरच्या सगळ्यांमध्ये फोटो स्वतःच्या हातात परत घेतलेली ही एकटीच दिसतेय.

तिरपी_चौकट

@काळीपांढरी, मस्त लिहिलंय. त्यात आता नवीन फाटा फुटलाय. २०२५ मध्ये एक माहितीपट आला, त्यात दावा केलाय की फोटो उटने नाही तर न्युएन थान न्गे नावाच्या, बाहेरून फोटो विकणाऱ्या माणसाने काढला आणि एपी या वृत्तसंस्थेच्या ऑफिसात नाव बदललं गेलं. एपीने स्वतः लांबलचक तपास केला आणि सांगितलं की नाव बदलावं इतका ठोस पुरावा नाही, उटचंच नाव राहील. वर्ल्ड प्रेस फोटो या पुरस्कार देणाऱ्या संस्थेने मात्र आपल्याकडची उटच्या नावाची नोंद स्थगित केली, म्हणजे त्यांच्या लेखी सध्या तो कुणाचाच नाही. उट स्वतः तर म्हणतोच आहे की माझाच.

म्हणजे या धाग्याचा पाया जो आहे की फोटोग्राफरचं नाव आपल्याला पक्कं माहिती असतं, तोही डगमगतोय बरं का.

उंबरठा

नावांचा घोळ बघायचा तर इवो जिमा बघा, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक लढले ते जपानी बेट. जो रोझेंथाल, २३ फेब्रुवारी १९४५, सुरिबाची डोंगरावर झेंडा उभारणारे सहा जण, चेहरा एकाचाही धड दिसत नाही. त्यातले तिघे पुढच्या काही दिवसांत तिथेच मेले. वाचलेले म्हणून ज्यांना शोधलं त्यांना परत आणून युद्धाचे बाँड विकायला देशभर फिरवलं. आणि मग नावं बदलायला लागली. आधी एक १९४७ मध्ये बदललं. २०१६ मध्ये मरीन कॉर्प्सने, म्हणजे त्या सैनिकांच्या अमेरिकन दलाने, सांगितलं की जॉन ब्रॅडली त्यात नव्हताच, तो हॅरल्ड शुल्ट्झ. २०१९ मध्ये परत सांगितलं, रेने गॅग्नन नाही, तो हॅरल्ड केलर. म्हणजे बाँड विकत फिरवलेल्या तिघांपैकी दोघं फोटोत नव्हतेच, आणि जे होते ते शुल्ट्झ आणि केलर आयुष्यभर गप्प राहिले. शुल्ट्झने घरात एकदा जेवताना ओझरतं सांगितलं होतं म्हणतात, तेवढंच.

तिसरा आयरा हेज, पिमा आदिवासी. त्याला पहिल्यापासून माहिती होतं की खालच्या टोकाला हँक हॅन्सन नाही, हार्लन ब्लॉक आहे. वरिष्ठांनी सांगितलं गप्प बस. १९४६ मध्ये तो अ‍ॅरिझोनातून टेक्सासपर्यंत रस्त्यात मिळेल त्या गाडीला हात करत गेला आणि ब्लॉकच्या बापाला सांगून आला की फोटोत तुमचा मुलगा आहे. त्याच्या आईने आधीच पाठमोऱ्या आकृतीवरून ओळखलं होतं, कुणी विश्वास ठेवत नव्हतं. १९४७ ची दुरुस्ती त्यामुळे झाली. हेजला त्या प्रसिद्धीने फार पिळलं, दारूत गेला, १९५५ मध्ये ३२ व्या वर्षी वारला.

शेवंता_लिहिते

बापरे. हेजचं वाचून सुन्न.

युद्धाचाच विषय निघालाय तर तो टाइम्स स्क्वेअरचा चुंबनाचा फोटोही. आल्फ्रेड आयझेनस्टाटचा, १४ ऑगस्ट १९४५. लोक भिंतीवर लावतात, त्या पोझमध्ये स्वतःचे फोटो काढतात. ती बाई म्हणजे ग्रेटा झिमर फ्रीडमन, नर्स नाही, दातांच्या डॉक्टरकडे असिस्टंट होती, ऑस्ट्रियातून नाझींपासून सुटून आलेली ज्यू मुलगी. खलाशाला ती ओळखत नव्हती. तिने स्पष्ट सांगितलंय की मी काही ठरवून चुंबन घेतलं नाही, त्याने येऊन पकडलं. फोटोकडे नीट बघा, तिचा एक हात आणि वळलेलं अंग बघा.

आणि ज्याच्यावर बऱ्याच जणांचं एकमत आहे त्या खलाशाची, जॉर्ज मेंडोन्साची, त्या दिवशीची मैत्रीण रिटा फोटोत मागे हसताना दिसते. पुढे तिच्याशीच त्याचं लग्न झालं!

काळीपांढरी

आपल्याकडचं कुणीच लिहीत नाहीये. भोपाळ, डिसेंबर १९८४. मातीत पुरलं जाणारं लहान मूल, उघडे डोळे, कपाळावर पुरणाऱ्याचा हात. रघू रायचा कृष्णधवल आणि पाब्लो बार्थोलोम्यूचा रंगीत, एकाच दफनाचे दोन फोटो. बार्थोलोम्यूच्या फोटोला वर्ल्ड प्रेस फोटोचा त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ते मूल कुणाचं, हे आजतागायत कळलेलं नाही. चाळीस वर्षं मोर्च्यांच्या फलकांवर तोच चेहरा आहे. इथे नाव विचारायला कुणी उरलंच नसेल असंही शक्य आहे, त्यामुळे फोटोग्राफरला दोष देऊन काही हाती लागत नाही.

आणि होमाई व्यारावाला. इथे उलटा प्रकार, सुरुवातीला तिचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशॉंच्या, नावाने छापले जायचे. नंतर डालडा १३ हे नाव पडलं, गाडीच्या नंबरवरून, डीएलडी १३. नेहरू विमानतळावर बहिणीला, विजयालक्ष्मी पंडितांना, कडकडून भेटतायत तो फोटो तिचाच. तो फोटो हल्ली कसल्या घाणेरड्या मजकुरासोबत फिरतो सगळ्यांनी बघितलंय. सख्खी बहीण आहे हो! फोटोतल्या माणसांचं पुढे काय झालं याचं हेही एक उत्तर, ते गेल्यावर पन्नास वर्षांनी त्यांचं हे असं होतं.

तिरपी_चौकट

२६/११ चा सीएसटीवरचा कसाबचा फोटो काढणारे सेबॅस्टियन डिसूझा. ऑफिस समोरच होतं, गोळीबार ऐकून कॅमेरे घेऊन धावत गेले, उभ्या गाडीच्या डब्यांआडून, खांबांआडून, फ्लॅश न वापरता काढलेत ते फोटो. पुढे खटल्यात साक्षीला उभे राहिले आणि त्यांचे फोटो पुरावा म्हणून आले. फोटोग्राफरलाच फोटोची जबाबदारी कोर्टात घ्यावी लागली असं हे उदाहरण.

उंबरठा

आणि नाव न कळणंच बरं असाही एक आहे. ५ जून १९८९, बीजिंग, रणगाड्यांच्या रांगेसमोर दोन पिशव्या घेऊन उभा राहिलेला. जेफ वायडनर, स्टुअर्ट फ्रँकलिन, चार्ली कोल, आर्थर त्सांग, चौघांनीही वरून, हॉटेलातून काढलाय. कोलने रीळ संडासच्या टाकीत लपवलं होतं, फ्रँकलिनचं चहाच्या पुड्यातून देशाबाहेर गेलं. फोटो काढणारे चौघेही नावानिशी माहिती, याचा मात्र पत्ता नाही. तो कुठे जिवंत असलाच तर नाव न कळण्यातच त्याचं भलं आहे, त्यामुळे @कॅमेराबंद तुमचा नियम इथे लावू नका.

कॅमेराबंद

नाही लावत. :)

पैशाचं मात्र कुणीच बोललं नाही. रॉबेर द्वानोचा पॅरिसमधला १९५० चा चुंबनाचा फोटो, तो मुळात पोझ देऊन काढलेला, लाइफ मासिकासाठी. पोस्टर झाल्यावर एका भलत्याच जोडप्याने ते आम्हीच म्हणून दावा ठोकला, तेव्हा द्वानोला सांगावं लागलं की दोघंही नट होते, मी बोलावले होते. मग खरी मुलगी, फ्रान्स्वाज बोर्ने, तीही वाटा मागायला कोर्टात गेली आणि हरली. पण द्वानोने तेव्हा तिला सहीची एक प्रिंट दिली होती, ती तिने २००५ मध्ये लिलावात काढली आणि १,५५,००० युरो आले. फ्लॉरेन्सबाईंना लँजने एक प्रिंट पोस्टाने पाठवली असती तर?

जुनी_रीळ

कुठे पाठवणार? पत्ता नव्हता, नाव नव्हतं, तळ उठलेला. :)

पैशाचं म्हणाल तर आल्बेर्तो कोर्डाचा चे गव्हेराचा फोटो, ५ मार्च १९६०, हवाना. टीशर्ट, मग, लायटर, सगळीकडे तो चेहरा, कोर्डाने मानधन घेतलं नाही. फक्त २००० मध्ये एका व्होडकाच्या जाहिरातीत चेहरा वापरला तेव्हा केस केली, ५०,००० डॉलर मिळाले ते क्यूबातल्या मुलांच्या औषधांसाठी देऊन टाकले. मूळ फोटो आडवा आहे. एका बाजूला ताडाच्या झावळ्या आणि दुसऱ्या बाजूला एका माणसाचा कडेने दिसणारा चेहरा. तो होर्हे मासेत्ती, अर्जेंटिनाचा पत्रकार, क्यूबाची प्रेन्सा लातिना ही वृत्तसंस्था त्याने उभी केली. १९६४ मध्ये उत्तर अर्जेंटिनाच्या जंगलात बंडखोरांची तुकडी घेऊन गेला तो परत आलाच नाही. फोटोतून कापला गेला तो वेगळाच.

पॉपकॉर्नवाला

कापलेल्या लोकांचा वेगळा धागा काढा राव. स्टालिनच्या शेजारून गायब झालेला येझोव्ह माझ्याकडून, या वेळी नीट वाचून टाकतो.